पाखऱ्याचा डावा पाय

पाखऱ्या दावणीला आल्यापासून मानसिंगच्या घरचा चहा कोरा झाला होता. दोन्ही म्हशींचं दूध बादलीनं त्याच्यापुढं जायचं. वर अंडी फोडली जायची, भिजवलेल्या उडदाचा गोळा असायचा आणि बदाम मानसिंग स्वतःच्या हातानं भरवायचा. पाखऱ्या म्हणजे शर्यतीचा खोंड. पांढराशुभ्र, बांधीव, कान कायम टवकारलेले. खटाव तालुक्यात पाऊस पडो न पडो, बैलांच्या शर्यतीचं मैदान भरतंच, आणि ज्याचा बैल मैदानात पळतो त्याला गावात बसायला खुर्ची मिळते. मिलिटरीत ट्रक चालवून रिटायर झालेल्या मानसिंगला त्या खुर्चीची फार हौस होती.

परीक्षा संपवून सृष्टी पुण्याहून घरी आली तेव्हा ऊन रणरणत होतं. वडूजला एसटी बदलून, फाट्यावर उतरून ती चालत आली. बॅग ओट्यावर टेकवते तोच तिला गोठ्याकडून आई येताना दिसली. मायानं दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या धरल्या होत्या. पाखऱ्यापुढं त्या ठेवून ती सरळ झाली, आणि लगेच दोन्ही गुडघे एकमेकांना घट्ट लावून, ओटीपोटावर तळवा दाबून जागच्या जागी उभी राहिली. चेहरा कोरा. कुणी बघतंय हे कळल्यावर तिनं पदर पुढं घेतला आणि हसली.

"आलीस व्हय? च्या टाकती. दूध न्हाई पर."

सृष्टी विद्यापीठात खेळ आणि व्यायामाचं शास्त्र शिकत होती. दुसरं वर्ष संपलं होतं. गावाला हे शिक्षण काही केल्या समजत नव्हतं. पारावरची माणसं म्हणायची, "पळायला शिकायला कालेज? आमच्यात कुत्रं मागं लागलं की कुनीबी शिकतंय." मानसिंगनं तिला घातलं होतं तेही एका घोटाळ्यात. पोरगी शाळेत असताना पळण्यात जिल्ह्यापर्यंत गेली होती, आणि त्याच्या पलटणीतल्या कुणीतरी सांगितलं होतं की सरकारी भरतीत खेळाचा कोटा असतो. त्यावरून त्यानं धरून ठेवलं, की स्पोर्टची डिग्री घेतली की पोरगी थेट फौजदार. भाऊबंद नाही नाही म्हणत असताना त्यानं तिला स्वतः नेऊन वसतिगृहात सोडलं. कोटा मेडल आणणाऱ्याला असतो, मेडल आणणाऱ्याची छाती कशी चालते हे शिकणाऱ्याला नसतो, हे त्याला कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. तोवर पोरगी तिथं रुजली होती. जूनमध्ये शेवटचं वर्ष सुरू व्हायचं होतं, आणि सुरुवातीलाच मुलींच्या कबड्डी संघाच्या शिबिरात काम करायला तिची निवड झाली होती. वर्गातून दोघींचीच झाली होती. तिनं हे घरी सांगितलं. वीरधवल, तिचा थोरला भाऊ, मोबाईलमध्ये शर्यत बघत "बरं हाय" म्हणाला.

दुपारी न्हाणीच्या आडोशाला तिनं आईला गाठलं.

"आई, पोटावर हात का धरतीस?"

"कुठं काय."

"मी बगितलंय."

माया धुणं पिळत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "अंग बाहेर येतंय. वजन उचललं की येतंय. कापडाची घडी लावती न् बांधती वरनं."

सृष्टीला हे गेल्याच वर्षी बाईंनी वर्गात शिकवलं होतं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, वजन उचलताना सगळा भार तिच्यावर येतो, आणि वजन उचलणाऱ्या खेळाडू मुलींनी ती कशी जपायची. सृष्टीनं ते सगळं परीक्षेत लिहिलं होतं. बाईंनी तिचा पेपर वर्गात वाचून दाखवला होता. आणि इकडं तिची आई चिंध्यांच्या घडीवर दिवस ढकलत होती.

"डॉक्टरला दावलंस?"

"दिवाळीच्या वक्ताला वडूजला गेल्ती की. म्हनल्या, साताऱ्याला जाऊन आप्रेशन करा. त्याच्यामागनं तीन महिनं काय उचलायचं न्हाई."

"मग?"

"मग काय. तुजं आबा म्हनलं, मैदानं संपू देत."

शर्यतीची मैदानं दिवाळीनंतर सुरू होतात आणि पावसापर्यंत संपत नाहीत. या गावची जत्रा, त्या गावचा उरूस, कुणाचा वाढदिवस, कुणाचं स्मरण. कुठं ना कुठं मैदान असतंच. मानसिंगला हे ठाऊक नव्हतं असं नाही.

संध्याकाळी सृष्टीनं विषय काढला. मानसिंग पाखऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. लेकीच्या तोंडून असलं दुखणं ऐकून तो ओशाळला आणि ओशाळला म्हणूनच खेकसला.

"बायकांचं दुकनं हाय ते. म्हाताऱ्या आयांना बी हुतं. त्या मेल्या का?"

"आबा, पाटी उचलली की तिचं—"

"आगं हो! करू म्हनलोय न्हवं? मी न्हाई म्हनलो का? ही पनवती टळू दे जरा."

पनवती म्हणजे पाखऱ्या हरत होता. सुटायचा बाणासारखा, अर्ध्यापर्यंत सगळ्यांच्या पुढं असायचा, आणि शेवटच्या टप्प्यात पाय जड व्हायचे. लागोपाठ तीन मैदानांत असंच झालं. बापलेकांनी त्यावर इलाज काढला होता. रोज पळवायचा. सकाळी माळावर फेरे, संध्याकाळी परत फेरे, हरला की दुसऱ्या दिवशी दुप्पट. बैल गवताकडं बघेना झाला होता. मग आणखी अंडी.

सृष्टीनं दोन दिवस नुसतं बघितलं. सकाळी पाखऱ्या उठायच्या आधी त्याच्या शेपटीच्या बुडाखाली बोटं लावून तिनं नाडी मोजली. वीरधवल हसून हसून लोळायचा तेवढा राहिला.

"आबा, बगा की! पोरगी पुन्याला जाऊन बैलाची शेपूट धराय शिकली!"

छकडी हाकणारा अर्जुना तिथंच होता. शर्यतीत बैलांमागं उभा राहतो त्याला सगळे ड्रायव्हर म्हणतात. हडकुळा, पुढचे दोन दात पडलेला, अंगावर पडझडीच्या खुणा. तो हसला नाही. "काय म्हनती नाडी?" त्यानं विचारलं.

"झोपून उठल्यावर नाडी शांत पायजे. याची आत्ताच पळून आल्यागत हाय. ह्यो दमलाय, अर्जुनादादा. कमी पळतोय म्हनून हरत न्हाई, जास्त पळतोय म्हनून हरतोय."

"आन मग काय, झोपवून ठेवायचा?" मानसिंग म्हणाला.

"व्हय. शरीर पळताना वाढत न्हाई, आबा. पळून झाल्यावर आराम करताना वाढतंय. आमाला पयल्या वर्षाला हेच शिकवत्यात."

मानसिंगनं अर्जुनाकडं बघितलं. अर्जुना म्हणाला, "आवं, आपलं करून तर झालंय समदं. हिचं बगू की."

तेव्हा सृष्टीनं तो सौदा केला. तिला वाटलं आपण फार हुशारीनं बोलतोय. ती म्हणाली, "आबा, मी सांगीन तसं करायचं. गावच्या जत्रंला पाखऱ्या फायनलला आला, तर दुसऱ्या आठवड्यात आईला साताऱ्याला न्यायचं. कबूल?"

"फायनलला आला तर तुज्या आईला मुंबईला नेतो," मानसिंग म्हणाला, आणि बैलाच्या कपाळावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली. तो लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊ शकला असता. पण त्याच्या लेखी ही शपथ जास्त पक्की होती.

दुसऱ्या दिवसापासून सगळं बदललं. एक दिवस पळवायचं, दोन दिवस नाही. मधल्या दिवशी तलावात उरलेल्या पाण्यात पोहवायचं, म्हणजे पायावर भार न येता छाती चालेल. पळून आल्यावर गुळामिठाचं पाणी, मग अंगावर ओली पोती. बसायला कडक फरशी नको, मऊ वाळू हवी, आणि ती ओली झाली की बदलायला हवी. खुराक एकदम नको, दिवसातून चार वेळा थोडा थोडा. सृष्टी सांगत होती आणि मानसिंग "व्हय, व्हय" करत होता. जन्मात पहिल्यांदा तो तिचं बोलणं मधे न तोडता ऐकत होता. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

तिच्या लक्षात आलं ते चारपाच दिवसांनी. ती तळ्यावरून आली तर ओढ्याच्या वाटेनं आई चढून येत होती. डोक्यावर वाळूची पाटी, एक हात पाटीला, एक हात पोटाला. ओली वाळू. पाणी निथळून तिच्या मानेवरून ब्लाऊजमध्ये उतरत होतं.

सृष्टी धावली. पाटी घेताना तिचे स्वतःचे खांदे वाकले.

"तू का आनलीस? दादाला सांगितलं हुतं मी!"

"त्यो बैल पवाय घेऊन गेला न्हवं का तुज्याबरं," माया म्हणाली. "मग? ओल्या वाळूत बसू द्यायचा का मुक्या जीवाला? तूच म्हनलीस, बदलायला पायजे."

सृष्टीनं वीरधवलला धरलं. तो म्हणाला, "मी बैलाचं बगू का पाट्या व्हाऊ? पाट्या व्हायला काय लागतंय." अर्जुना एकदा दोन पाट्या टाकून गेला, पण त्याला त्याचं रान होतं. सृष्टीनं स्वतः वाळू आणायला सुरुवात केली. ती पहाटे एक खेप करी, तर तिच्या मागं आई दुसरी करी. चार वेळा खुराक म्हणजे चार वेळा भिजवणं, वाटणं, बादल्या धुणं. ओली पोती म्हणजे हापशावरून जास्तीचं पाणी. तिनं शिकलेल्या प्रत्येक गोष्टीला घरात एकच जोडी हात सापडत होते. बैलाचा आराम वाढत गेला तसं आईचं काम वाढत गेलं, आणि हे गणित तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"आई, थोडे दिवस. जत्रा झाली की जायाचंच हाय."

"जाऊ की," माया म्हणायची. "त्याची नाडी काय म्हनती?"

नाडी उतरत होती. पाखऱ्याच्या अंगावर चकाकी आली. गवत दिसलं की तोंड घालू लागला. पंधरवड्यात तो दोरीला असा ओढू लागला की वीरधवलला दोन्ही पाय रोवून उभं राहावं लागे. मानसिंग पारावर जाऊन सांगायचा, "सायन्स हाय त्यात. तुमच्या डोस्क्यात न्हाई शिरायचं." तोच पार, तीच माणसं. आता कुत्र्याचा विनोद कुणी करत नव्हतं.

जत्रेच्या मैदानाला धुळीनं आभाळ दिसत नव्हतं. सात तासांत, म्हणजे पळायला आखलेल्या पट्ट्यांत, सात गाड्या, मधे दोऱ्या, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, माइकवर घसा बसलेला निवेदक. बायका मैदानात जात नाहीत. सृष्टी जीपच्या टपावर चढून बसली, लोकांनी वळून वळून बघितलं तरी उतरली नाही. दुसऱ्या मालकाच्या बैलाच्या जोडीनं पाखऱ्या गटात पहिला आला. सेमीलाही पहिला आला. फायनलला झेंडा पडला आणि सगळे सुटले. अर्ध्यात तो दुसरा होता. सृष्टीनं जीपची पट्टी घट्ट धरली. शेवटचा टप्पा आला तेव्हा बाकीचे बैल जड झाले, आणि पाखऱ्यानं मान खाली घालून असा पाय काढला की निवेदकाला गाडीमालकाचं नाव घ्यायलाही सवड मिळाली नाही.

गुलालात बापलेक ओळखू येत नव्हते. मोबाईलवर शर्यती दाखवणारा एक पोरगा माइक घेऊन आला. "मालक, काय रहस्य आहे?"

मानसिंगनं टोपी सारखी केली. "रहस्य काय न्हाई. शरीराला इश्रांती पायजे. लोक बैलाला राब राब राबवत्यात, आन मग म्हनत्यात पळत न्हाई. आरं, मुका जीव हाय. त्याचं त्यानं सांगावं कसं? मालकानं वळकावं लागतं." त्याचे डोळे खरोखर भरून आले. तो खोटं बोलत नव्हता.

घरी माया दारात आरतीचं ताट घेऊन उभी होती. पाखऱ्याच्या पायावर तिनं पाणी ओतलं, कपाळाला कुंकू लावलं, त्याच्या तोंडाला पुरणपोळी लावली. ओवाळायला वाकली आणि वर उठताना क्षणभर उठलीच नाही. दाराची चौकट धरून उठली. वाजंत्र्यांत कुणाला दिसलं नाही.

सृष्टीनं दुसऱ्याच दिवशी विचारलं.

"आबा, साताऱ्याला कवा जायाचं?"

"जायाचं की," मानसिंग म्हणाला. घरात माणसांची रीघ होती. पाटणकडची, सांगलीकडची माणसं बैल बघायला येत होती, प्रत्येकाला चहा होता आणि आता दूधही होतं. "म्हैना थांब. मोठं मैदान आलंय. आख्ख्या जिल्ह्यातनं गाड्या येनार. आता बैल फारमात हाय, सृष्टे. तूच आनलास फारमात. आन ऐन वक्ताला तुजी आई झोपून ऱ्हायली, तर त्याचं चार टाइमाचं कोन करनार?"

"तुमी शपत घेतली हुती."

"आगं, मी शपत मोडतोय का? निस्ती म्होरं ढकलतोय. बैलाच्या कपाळाला हात लावलाय मी."

सृष्टी त्या दिवशी जेवली नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पाहुण्यांच्या पंगती वाढण्यात आईचंही जेवण राहिलं होतं.

तिनं सरळ आईला घेऊन जायचं ठरवलं. कपडे भरले. माया पिशवीकडं बघत बसली.

"न्हाई बाय. त्यांच्या हुकमाशिवाय न्हाई. आप्रेशन करून आली न् घरी आल्यावर कोन म्हनलं, ऊठ, पानी आन, तर मी उठीन. मला न्हाई म्हनायची सव न्हाई. मग टाकं तुटतील. त्यापरीस हाय ती घडी बरी."

ती रागानं म्हणाली असती तर सृष्टीला सोपं गेलं असतं. ती नुसती खरं सांगत होती. पुढच्या आठवड्यात तिला ताप आला. लघवीला आग होऊ लागली. ती बसून वैरण तोडू लागली, पण तोडतच राहिली.

मोठं मैदान तोंडावर आलं तेव्हा एका सकाळी पाखऱ्या माळावरून लंगडत आला. डावा पुढचा पाय जरा अलगद टेकत होता. मानसिंगच्या तोंडचं पाणी पळालं. सृष्टीनं पाय उचलून खूर बघितला. खुराच्या फटीत खडा रुतून गेल्याची जागा होती. खडा पडूनही गेला होता. जरा मुका मार, दोन दिवसांत पळाला असता. तिनं सांध्यावरून, नळीवरून बोटं फिरवली. कुठं गरम नव्हतं, सूज नव्हती.

तिनं मान वर केली. गोठ्याच्या दारात आई उभी होती. हातात रिकामी बादली होती, आणि तरीही दुसरा हात पोटावर होता.

सृष्टी खोटं बोलली. तिला वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही.

"आबा, ह्यो पळनार न्हाई."

"काय झालं?"

"नळीच्या हाडाला बारीक तडा हाय. केसाएवढा. सतत पळून पळून जातो. पळनाऱ्या मानसांना बी हुतो, आमाला शिकवलाय. आत्ता पळवला तर मैदानातच पाय मोडंल."

मानसिंग गोठ्यातच खाली बसला. "फोटू काढाय न्यायचा का कुठं?"

"जीपमधनं हादरं बसलं तर तडा वाढंल. एका जागी ठेवायचा. त्योच इलाज हाय."

अर्जुना पुढं आला. त्यानं बैलाचा पाय हातात घेतला, अंगठ्यानं दाबत वरपासून खालपर्यंत आला. पाखऱ्यानं कानसुद्धा हलवला नाही. अर्जुनानं सृष्टीकडं बघितलं. मग दारातल्या मायाकडं बघितलं. मोठ्या मैदानात छकडी हाकायला मिळणार म्हणून तो महिनाभर अंग चोळून घेत होता.

"व्हय," तो पाय खाली ठेवत म्हणाला. "आतलं दुकनं दिसतंय. वरनं कळायचं न्हाई."

एवढं बोलून तो गेला. मैदानातून गाडी मागं घेतल्याचं मानसिंगनं स्वतः फोन करून सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज फुटला. मग तो बैलाच्या गळ्यात हात घालून रडला. गड्यासारखा गडी, हुंदके देऊन रडला. सृष्टी भिंतीला टेकून ते बघत होती. आईचं सगळं खरं सांगितलं तेव्हा या माणसाच्या डोळ्यांत पाणी सोडा, पापणी हलली नव्हती. आणि बैलाबद्दल एक वाक्य खोटं सांगितलं तर त्यानं पुरावासुद्धा मागितला नाही. तिला त्याची कीव आली आणि त्याच वेळी त्याला हलवून विचारावंसं वाटलं, की बाबा, हेच रडू तुझ्याकडं होतं तर मग इतके दिवस कुठं होतं?

पण विचारायची वेळ नव्हती. "आबा, आता मैदान न्हाई. आईला साताऱ्याला नेते."

"ने," तो बैलाच्या गळ्यातून तोंड न काढता म्हणाला. "जावा. आता काय ऱ्हायलंय हितं."

मायानं नवऱ्याचा हुकूम स्वतःच्या कानांनी ऐकला, तेव्हा कुठं ती पिशवीत साडी भरू लागली.

साताऱ्याच्या दवाखान्यात आधी ताप उतरवला, मग ऑपरेशन केलं. गावातून कुणी आलं नाही. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीण बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "फार उशीर केलात. पण नीट झालंय. आता तीन महिने काहीसुद्धा उचलायचं नाही. पाण्याची कळशी नाही, पाटी नाही, बादली नाही. नाहीतर हे सगळं फुकट जाईल. घरी करणारं कोणी आहे ना?"

"हाय," सृष्टी म्हणाली.

आईला खाटेवर आणून ठेवलं होतं. गुंगीत होती. हात दोन्ही बाजूंना पडलेले, पोटावर एकही नव्हता. किती वर्षांनी असं झालं असेल, असं सृष्टीच्या मनात आलं. तेवढ्यात फोन वाजला. मानसिंग होता. ती पॅसेजमध्ये गेली.

"सृष्टे, बाय, त्यो आज पाय टेकाय लागला गं! समदा भार देतोय. हळूहळू पळवू का?"

"आबा, आईचं ऑपरेशन झालं. नीट झालं."

"झालं व्हय? ब्येस झालं. पळवू का मग त्याला?"

पाखऱ्या पळायला लागला, की खुराक चार वेळा, वाळू, पोती, पाणी. तिनं डोळे मिटले.

"न्हाई. तीन महिनं न्हाई."

पलीकडं मानसिंगनं नाक ओढलं. "तीन महिनं," तो म्हणाला. "बरं. तू म्हनतीस तर तीन महिनं. एकदा मोडलं की मोडलं, आपलीच चूक हाय. जाग्यावरनं हलवत न्हाई बग. जागच्या जागी वैरन, जागच्या जागी पानी. तुजी आई ऐतवारपतूर येती न्हवं?"

"कशाला?"

"आगं, बैल जागेवर बसल्यावर त्याचं समदं जागेवर द्याला घरात बाईमानूस नगं का?"

सृष्टी पॅसेजच्या भिंतीला टेकली. भिंत थंड होती.

"आबा, आईला बी तीन महिनं. डॉक्टरांनी सांगितलंय. काय सुदिक उचलायचं न्हाई."

मानसिंग हसला. वाईट मनानं नाही, लाडक्या लेकीची चेष्टा करावी तसा. "तिला बी? तिला काय शर्यत पळायचीया व्हय गं?"

याचं उत्तर कुठल्या वर्गात कुणी दिलं नव्हतं. तिला फक्त आईचं बोलणं ठाऊक होतं, कोन म्हनलं ऊठ, तर मी उठीन. पंधरा दिवसांनी शिबिर सुरू व्हायचं होतं.

"आई हलनार न्हाई," ती म्हणाली. "पाखऱ्याचं मी करीन. घरचं बी मीच करीन."

"तू? आन कालेज?"

तिनं दारातून आईच्या खाटेकडं बघितलं. मानसिंगचा आवाज एकदम मोकळा झाला.

"मग तर लय झ्याक झालं बग! मी लोकांस्नी सांगतच हुतो, पोरगी शिकली ती वाया जायाची न्हाई. घरातच कामाला आली!"

त्या आवाजात इतका अभिमान होता की फोन कानापासून बाजूला घ्यायलाही तिला जमेना, आणि तो पुढं पाखऱ्यानं सकाळी काय काय खाल्लं ते सांगत राहिला.